दुपारी पावणेदोनची नोंद

नवऱ्याची बदली दिल्लीला झाली म्हणून आम्ही पुण्याहून गाझियाबादला आलो, आणि दोन महिन्यांत मला नोएडातल्या एका कंपनीत नोकरी मिळाली. काम सांगायला सोपं होतं. कंपनीतली माणसं दिवसभर एकमेकांना निरोप पाठवतात, फायली ठेवतात, मीटिंगा लावतात, एकाच मसुद्यावर चौघं मिळून लिहितात. हे सगळं ज्या सर्व्हरवर चालतं ते उभे करायचे आणि चालते ठेवायचे. हल्ली बहुतेक कंपन्या हे काम बाहेर सोपवून मोकळ्या होतात. आमच्या मालकांचा बाहेरच्या कुणावर विश्वास नव्हता. त्यामुळे आमचे चार सर्व्हर आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका थंडगार खोलीत काचेच्या दाराआड उभे होते.

ते उभे केले होते माझ्या वरिष्ठांनी. मी त्यांना सर म्हणायची, ते मला मॅडम. साठीकडे झुकलेले, मूळचे पानिपतचे, आणि गाझियाबादला आमच्या घरापासून दोन चौक पुढे राहणारे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "मैडम, आप मेट्रो बदल-बदलकर क्यों आती हैं? मेरी गाड़ी तो ख़ाली जाती है." तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मी त्यांच्या गाडीने जायला लागले. आमचं बोलणं अर्थात हिंदीतच व्हायचं. इथे मी ते बरंचसं मराठीत लिहिते आहे, कारण मला ते आता मराठीतच आठवतं.

काम त्यांनीच शिकवलं. कुठला सर्व्हर आधी बंद करायचा, कुठला शेवटी, चालू करताना डेटाबेस उठून बसल्याशिवाय बाकीच्यांना हात का लावायचा नाही. पंख्याचा आवाज बदलला की स्क्रीनकडे बघण्याआधी कान द्यायचा, हेही त्यांचंच. आमच्या पहिल्या जानेवारीत ते म्हणाले, "तुमचे लोक दर वर्षी एवढ्या लांबून आमच्या गावी येतात आणि तुम्ही इथे राहून गेला नाहीत?" आणि एका रविवारी आम्हा तिघांना, मला, नवऱ्याला आणि आमच्या मुलीला, गाडीत घालून काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकावर, घेऊन गेले. तिथे साताऱ्या-सांगलीकडच्या बसगाड्या उभ्या होत्या. आम्ही आत होतो तेवढा वेळ सर फाटकाशी उभे राहिले. म्हणाले, ही तुमची वेळ आहे. परतताना मुलीसाठी गजकचा, तिकडच्या तीळ-गुळाच्या वड्यांचा, पुडा घेतला.

हे सगळं सांगते आहे, कारण यानंतर मी त्या माणसाशी जे वागले ते या पार्श्वभूमीवर वागले.

काही वर्षांनंतरचा मे महिना होता. सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसवायची होती, म्हणून मी तीन आठवड्यांपूर्वी सर्व्हर खोलीतच एका कोपऱ्यात पाचवं, चाचणीचं यंत्र उभं केलं होतं आणि सहा जणांना ते वापरून बघायला दिलं होतं. एका सकाळी एचआरच्या प्रमुख बाईंनी मला बोलावलं, दार लावून घेतलं आणि फोन उलटा ठेवायला सांगितला.

"दोन विभाग एक होणार आहेत," त्या म्हणाल्या. "कुणाकुणाला काढायचं, याची यादी माझ्या फोल्डरमध्ये आहे. ते मी आणि मालक, दोघंच उघडू शकतो. आणि काल कँटीनमध्ये लोक त्या यादीवर बोलत होते. कुणी उघडली, मला बघून सांगा."

कुणी कुठली फाइल कधी उघडली, याची नोंद सर्व्हर ठेवतो. मी माझ्या जागेवर येऊन ती काढली. बाईंचं नाव होतं, मालकांचं होतं, आणि तिसरं एक खातं होतं, जे कुठल्याच माणसाचं नसतं. सर्व्हर आपापसात बोलायला ते वापरतात. त्या खात्याला आमच्याकडे कुठलंही कुलूप लागत नाही, म्हणूनच त्याचा पासवर्ड फक्त दोघांना माहीत होता. एक मी. दुसरे सर. त्या खात्याने गेले तीन आठवडे, सोमवार ते शुक्रवार, दुपारी पावणेदोनच्या सुमाराला ती फाइल उघडलेली होती. कुठून, तर सर्व्हर खोलीतून.

पावणेदोनला आमच्याकडे जेवायची सुट्टी असते. आणि सर कँटीनमध्ये जेवत नसत. उन्हाळाभर ते आपला डबा घेऊन सर्व्हर खोलीत बसायचे, तिथे गारवा असतो म्हणून.

मी बाईंना खात्याबद्दल आणि वेळेबद्दल सांगितलं. सरांचं नाव घेतलं नाही. त्यांनीच घेतलं. "म्हणजे तुम्ही दोघंच," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर माझा विश्वास आहे. लक्ष ठेवा. कुणाशी बोलू नका."

त्या संध्याकाळी गाडीत मी पहिल्यांदा सरांच्या हातांकडे बघत बसले. ते नेहमीसारखेच बोलत होते, हायवेवरच्या कामाबद्दल, धुळीबद्दल. मी हो-नाही करत होते. मधेच त्यांचा फोन वाजला. त्यांनी नंबर पाहिला आणि उचलला नाही. एरवी हे माझ्या लक्षातही आलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून मला सगळंच दिसायला लागलं. मी जवळ गेले की ते स्क्रीनवरची खिडकी मिटायचे. त्यांच्याजवळ एक लहान काळी डायरी असायची, तीत ते रोज दुपारी काहीतरी टिपायचे आणि ती खिशात ठेवायचे, टेबलावर कधीच नाही. फोनवर बोलायला ते जिन्यात जायचे. एकदा पावणेदोनला मी काही कारण काढून सर्व्हर खोलीच्या दाराशी गेले. काचेतून दिसत होतं, डबा मांडीवर, बाजूला कीबोर्ड ओढून घेतलेला. त्यांनी वर पाहिलं, हसले, "आइए, पराठा लीजिए" म्हणाले. मी नको म्हटलं आणि परत येऊन नोंद पाहिली. पावणेदोन. फाइल उघडली गेली होती.

आता वाटतं, तेव्हा उठून त्यांना सरळ विचारायला हवं होतं. पण संशयाची एक मजा असते, ती मला कबूल केली पाहिजे. रोज एक नवी गोष्ट हाती लागत होती आणि प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीत चपखल बसत होती. मी माझ्या फोनमध्ये सगळं लिहून ठेवत होते, तारीख, वेळ, सर कुठे होते. असं लक्ष देऊन काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

एकच गोष्ट कळत नव्हती, त्यांनी हे का करावं. आणि ते कळायचा एक मार्ग माझ्या हातात होता. त्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला, माझ्या जागेवरून, त्याच खात्याने, मी ती यादी उघडली. तपासासाठी उघडते आहे असं मी स्वतःला सांगितलं. पण पहिल्यांदा शोधलं ते माझं नाव. ते नव्हतं. मग सरांचं शोधलं. होतं.

मला कारण मिळालं होतं. आपलं नाव असलेली यादी माणूस रोज उघडून बघणार, त्यात बदल झाला का ते बघणार, असं मला अगदी पटलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "थांब. तू स्वतः उघडलीस ती फाइल?"

"तपासायला."

"तुला कुणी सांगितलं होतं उघडायला?"

"माझा संशय खरा आहे की नाही, ते बघायचं होतं यार."

मुलगी शेजारीच होती. दिल्लीत वाढल्यामुळे तिचे बरेच मराठी शब्द गळले आहेत. "आई, संशय म्हणजे?"

"शक," मी म्हटलं.

"अच्छा. कुणावर?"

तिला सर फार आवडायचे. मी विषय बदलला. नवरा नंतर एवढंच म्हणाला की आधी त्यांच्याशी बोल, मग वर जा. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट बाईंच्या केबिनमध्ये गेले. फोनमधल्या सगळ्या नोंदी वाचून दाखवल्या. मी यादी उघडली होती, तेवढं सोडून सगळं सांगितलं. सरांना काय कारण असू शकेल असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "कदाचित यादीत त्यांचं नाव असेल." बाईंनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं.

सोमवारी सरांची सगळी खाती बंद झाली. बंद मीच केली, बाईंच्या सांगण्यावरून, ते यायच्या आधी. मी लवकर जाणार म्हणून त्या दिवशी मेट्रोने आले होते. त्या बिनमाणसाच्या खात्याचा पासवर्डही बदलला आणि चारही सर्व्हरवर नवा घातला. नवा पासवर्ड आता फक्त मला ठाऊक होता.

सर आले, बसले, दोन-तीनदा प्रयत्न केला, चष्मा पुसला, पुन्हा प्रयत्न केला. मग उठून माझ्या टेबलाशी आले.

"मैडम, ज़रा देखिए तो, मेरा पासवर्ड नहीं चल रहा."

"बघते सर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे बघत काहीतरी टाइप करत राहिले. सर्व्हर त्यांचे होते, खाती कशी बंद होतात ते मला त्यांनीच शिकवलं होतं. ते "ठीक है" म्हणून आपल्या जागेवर गेले. दिवसभर ते हाताची घडी घालून नुसते बसून होते. येणारे-जाणारे विचारत, काय सर, आज आराम? ते म्हणत, हो, आज आराम.

त्या दुपारी मी निवांत जेवले. दोन वाजता परत येऊन नोंद उघडली ती केवळ खात्री करायला. पावणेदोनपासून पुढे तोच एक प्रयत्न होता. त्याच खात्याचा, जुन्याच पासवर्डने. नाकारला. पाच सेकंदांनी पुन्हा, नाकारला. पुन्हा पाच सेकंदांनी. खाली खाली सरकत गेले तरी संपेना, आणि प्रत्येक दोन ओळींत बरोबर पाच सेकंद. सर माझ्या डोळ्यांसमोर आपल्या खुर्चीत बसलेले होते. आणि कुठल्याच माणसाचा हात असा चालत नाही.

मी पहिल्यांदाच त्या नोंदीतला पूर्ण पत्ता नीट वाचला. इतके दिवस मी त्यातलं 'सर्व्हर खोली' एवढंच वाचत होते. पत्त्याचा शेवटचा आकडा आमच्या चारपैकी कुठल्याच सर्व्हरचा नव्हता. तो कोपऱ्यातल्या पाचव्या यंत्राचा होता. माझ्या.

मग सगळं उलगडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. चाचणीचं यंत्र उभं करताना मी जुन्या सर्व्हरच्या सगळ्या सेटिंग जशाच्या तशा उचलल्या होत्या. नव्या आवृत्तीतला शोध घेणारा प्रोग्रॅम रोज दुपारी, लोक जेवायला गेले की, सगळ्या फायली उघडून त्यांची सूची बनवतो. ती वेळही मीच ठरवली होती. नव्या यंत्रावरच्या त्या प्रोग्रॅमला चाचणीच्या फायलींचा पत्ता द्यायचा मी विसरले होते, म्हणून तो खऱ्या फायली उघडत होता. आणि कुणाला काय दिसावं याची तपासणी मी त्या यंत्रावर बंद ठेवली होती, दोन दिवसांपुरती, काम लवकर व्हावं म्हणून. त्या सहा जणांपैकी कुणीही यादीतलं एखादं नाव शोधलं असतं, तर यादी समोर आली असती. कुणीतरी शोधलं होतं.

मी जागची उठले. सरांच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

"सर, ते माझं यंत्र होतं. चाचणीचं. मी सेटिंग बदलायला विसरले."

"विसरलात?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, पण खरंच तपासून बघत होते.

"विसरले."

त्यांनी खण उघडून घडी घातलेला एक कागद काढला. त्यावर तीच नोंद छापलेली होती, पत्त्यांसकट. पाचव्या यंत्राच्या ओळींवर पेन्सिलची बारीक खूण होती. शेवटाच्या काही ओळी वर एका ओळीखाली शाईची रेघ होती. गुरुवार, सकाळी अकरा. पत्ता माझ्या टेबलाचा.

"ये वाली आपकी है," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"एचआरने मलाही बोलावलं होतं. तुम्हाला बोलावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाल्या, तुमच्यावर विश्वास आहे, मॅडमवर लक्ष ठेवा." ते कागदाची घडी पुन्हा घालत होते. "मी बघितलं तर यंत्र तुमचं, आणि एक नोंद तुमच्या टेबलावरची. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम दार उघडं ठेवलंय. चार दिवस वाटत होतं. पण कागद मी दिला नाही. पहले आपसे पूछना था. रोज गाडीत विचारीन म्हणायचो, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत बसायच्या."

मी डायरीबद्दल विचारलं, का विचारलं कोण जाणे. त्यांनी खिशातून काढून समोर ठेवली. पानापानांवर सर्व्हर खोलीचं रोजचं तापमान होतं आणि पुढे एखादा शब्द, पंखा ठीक, तिसऱ्याचा आवाज. फोन यायचे ते बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यातून यायचे.

"एक बात बताइए," ते शेवटी म्हणाले. "मी ती यादी उघडली नाही. उघडता आली असती. तुम्ही वाचलीत. माझं नाव आहे?"

तिथे मला खोटं बोलता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. "आहे," मी म्हणाले.

त्यांनी डायरी उचलून खिशात घातली. "अच्छा," म्हणाले. एवढंच.

मी त्याच दुपारी पाचवं यंत्र बंद केलं, सरांची खाती उघडली आणि सगळं लिहून काढलं. यंत्र माझं, चूक माझी, आणि गुरुवारी सकाळची नोंदही माझी. बाईंनी ते वाचलं. शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाल्या, हे लिहिलं नसतंत तरी चाललं असतं. मला लेखी ताकीद मिळाली. मग त्यांनी विचारलं, "त्या सहा जणांपैकी कोण?"

मला माहीत नव्हतं. चाचणीच्या यंत्रावर कोण काय शोधतं याची नोंदही मी बंद ठेवली होती. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांना ते खरं वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटलं नसतं. अजूनही त्या सहांपैकी कुणी जिन्यात भेटलं, की माझं मन एक क्षण अंदाज बांधायला लागतं आणि मला ते थांबवावं लागतं.

यादी बदलली नाही. सर पावसाळ्यानंतर कंपनीतून गेले. जाईपर्यंत रोज वेळेवर आले, मला जे येत नव्हतं ते एका वहीत स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, कुठलाही प्रश्न विचारला तर पूर्ण उत्तर दिलं. गाडीत बसायला त्यांनी मला पुन्हा म्हटलं, मीच नको म्हणाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. ते ऐकताना मी मनात शोधत होते, यात काही टोमणा आहे का. नव्हता, आणि तरी मी शोधत होते.

दिवाळीला मी त्यांना फोन केला. ते पानिपतला भावाच्या घरी होते. मी बायकोच्या डोळ्याची चौकशी केली, त्यांनी मुलीची केली. बोलण्यात सगळं नीट होतं. फक्त प्रत्येक वाक्याला ते "जी मैडम" म्हणत होते, एखाद्या सरकारी कचेरीत बोलावं तसं. मग मी सांगितलं की नवी आवृत्ती बसवली.

"किसने चेक किया?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, मी बसवली आणि दुसऱ्या एकीने शेजारी बसून प्रत्येक सेटिंग वाचून पाहिली.

"ठीक किया," ते म्हणाले, आणि कुणीतरी बोलावतंय म्हणून फोन ठेवला.